डावीकडचा बारका

पावणेतीन वाजलेत. जेल रोडवर, दुसऱ्या मजल्यावर,
मी शाल पांघरून लॅपटॉपसमोर.
निफाडला पारा पाचावर आलाय,
बागांमध्ये शेकोट्या पेटल्या असतील, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून.
मला दिलेला ढग त्याहून गार :
शून्याखाली दोनशे त्रेसष्ट.
नाना जेवताना म्हणाले होते,
मग तिथं माल काही येणार नाही.

दुर्बीण माझी नाही.
ती दुसऱ्या खंडात, कुठल्याशा डोंगरावर,
तिच्या थाळीला मी कधी हात लावलेला नाही.
माझ्याकडे येते ती तिने ऐकलेली खरखर,
सहा तासांची, आकड्यांच्या रांगांत.
खरखरीवर खरखर रचत जायची.
खोटं एकमेकांना खोडत जातं
आणि खरं असलंच तर उरतं, नखाएवढं.

आज उरले दोन उंचवटे.
मधला मोठा, उजवीकडचा त्याहून ठेंगणा.
दोघांना नाव द्यायचं धाडस होईना.
डावीकडे काहीतरी होतं, पण मी ते आधीच सपाट केलं होतं,
पायरेषा नीट दिसावी म्हणून.
आम्ही सगळेच असं करतो.

नाना पाणी प्यायला उठले.
चौतीस वर्षं नोटांच्या छापखान्यात, तपासणी विभागात.
तिथलं कधी घरात बोलले नाहीत.
आई विचारून थकली, मी विचारायची सोडून दिलं.
एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला,
दुसरा अजून प्रेसचाच.

माझ्या मागे उभे राहिले, तांब्या हातात.
‘आधीचं दाखव.’
आधीचं म्हणजे?
‘तू पुसायच्या आधीचं.’
दाखवलं.
बराच वेळ काही बोलले नाहीत. तांब्यातून पाणी ठिबकत होतं.
मग बोट पडद्याला न लावता, कागदापासून ठेवायचे तेवढंच अंतर ठेवून :
‘हा डाग नाही.
डाग कुठेही पडतो. हा जागेवर पडलाय.
हा छाप आहे.’

मी मोजलं. एकास पाचास तीन.
अंतरंही बरोबर, शेवटच्या आकड्यापर्यंत.
दोन नायट्रोजन, एक हायड्रोजन, एक इलेक्ट्रॉन कमी.
बाकीचे रेणू त्या थंडीत धुळीला चिकटून गोठतात,
हा मागे राहतो, काळोखाच्या अगदी गाभ्यात,
जिथे पुढेमागे एखादा तारा पेटेल. किंवा नाही.

‘कमी आहे तर बाद का नाही?’
मी सांगायला गेले, आणि सांगताना मलाच नीट कळलं :
नुसता नायट्रोजन मुका असतो, नाना.
दोन्ही टोकं सारखी, कितीही फिरला तरी त्याचं इकडे काही येत नाही.
मग एक प्रोटॉन येऊन चिकटतो,
तोल बिघडतो,
आणि मग तो फिरला की ऐकू येतो.

नाना हसले. ‘म्हणजे अंगावर आल्यावर बोलतो.’
तांब्या टेबलावर ठेवला, माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर,
गोल ओला ठसा उमटला.
‘एकोणनव्वद साली मी एक ताव धरला होता,’ म्हणाले,
‘गायधनी म्हणत होता जाऊ दे, शाई फुटलीय.’
मी वाट पाहिली.
पुढचं आलं नाही.
खाली दूधवाल्याची मोटरसायकल, दसकच्या बाजूने धुकं,
कुत्रं एकदाच भुंकून गप्प.

अजून पाच ढग आहेत रांगेत.
त्यांचीही डावी बाजू मी आधीच घासून ठेवलीय,
सगळी परत काढावी लागेल.

जाता जाता नाना थांबले.
‘सही कुठे करायची?’
कशावर?
‘तपासलं ना मी.’
मी वहीचं शेवटचं पान पुढे केलं.
पूर्ण नाव, तारीख,
आणि खाली, रेघ मारून :
पाळी तिसरी.